फ्रेशर हवा, अनुभव ३ वर्षांचा

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींत ‘फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट’ राहतो. अ‍ॅनालिसिस वरचे करतात. हा बँकेचं स्टेटमेंट आणि लेजर जुळवत, १८ रुपयांचा फरक रात्री नऊपर्यंत शोधतो. नोकरी बदलावी, तर जाहिरातीत फ्रेशरच हवा, पण मुरलेला. मग सीएफएची परीक्षा. लेव्हल तीन, फी डॉलरमध्ये, पगार रुपयांत. रुपया घसरला की स्वप्न महागतं, एवढं अ‍ॅनालिसिस मात्र त्याला आपसूक जमतं. अप्रेझलला साहेब म्हणतात, “मार्केट टाइट आहे, नोकरी आहे हेच नशीब समज.” हेच साहेब गुंतवणूकदारांच्या कॉलवर ‘विक्रमी तिमाही’ म्हणत होते. (कॉलचे आकडे यानेच भरलेले.) गावी आई सांगते, पोरगा शेअर बाजारात आहे. गणपतीत घरी गेला की आरती संपायच्या आत काका कानाशी येतात, “कोणता घेऊ रे?”