लाड बाजारातलं अधाशी भिंग

काचीगुड्याच्या काकांना रमजानातल्या लाड बाजाराचं भारी वेड. १५९१ सालचा चारमिनार दिवसाउजेडी सगळ्या बाजूंनी टिपून झालेला. आता हवी होती रात्र. पण कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर अडून बसायची. शटर १/१० सेकंदावर यायचं, आणि तेवढ्यात माणूस हलतोच. काकांच्या संग्रहात लाखेच्या बांगड्या विकणारी पन्नासेक भुतं जमली होती.

"फास्ट लेन्स घ्यावी लागणार."

"का? तीही रोजा ठेवते?" काकूंनी विचारलं.

खरं तर ही जात उपाशी नव्हे, अधाशी. फोकल लेंग्थला भिंगाच्या उघड्या तोंडाच्या व्यासाने भागलं की एफचा आकडा येतो. आकडा लहान, तेवढा आ मोठा. ५.६ वरून १.८ वर आलं की उजेड जवळजवळ दहापट, म्हणजे १/१० चं काम १/१०० सेकंदात. १.४ घेतली तर त्याहून दीडपटीच्या थोडा वर, पण किंमत ऐकून काकाच हलले. आकडा उतरतो तसा भाव चढतो, हा हिशेब काकूंच्या पचनी पडेना.

काकांनी दाखला काढला. 'बॅरी लिंडन' (१९७५) मधले प्रसंग कुब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले, तेही झाइसने नासासाठी घडवलेल्या एफ/०.७ लेन्सवर!

"आपल्याकडे मेणबत्ती लाइट गेल्यावर लावतात. आणि राजा दीनदयाळांचं काय अडलं होतं?"

हा घाव वर्मी बसला. सहाव्या निजामाच्या या फोटोग्राफरने सारा दरबार काचेच्या प्लेटांवर उतरवला होता. "निजामासमोर हलायची कुणाची छाती होती?" काका पुटपुटले. लाड बाजारात मात्र गिऱ्हाईक, चहावाला, बकरी, कुणीच थांबत नाही.

अखेर कोठीहून ५० मिमीची एफ/१.८ आली. त्याच रात्री एका दुकानात कारागीर गरम लाखेवर एकेक खडा दाबून बसवत होता. काकूंनी बांगडी चढवून हात पुढे धरला, मान किंचित तिरकी केली. काकांनी मीटरभरावरून, भिंगाचं तोंड पुरतं उघडून, क्लिक केलं. एवढ्या जवळून जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, हे लेन्सवाल्याने बजावलेलं काका साफ विसरले होते.

स्क्रीनवर खडा न खडा लखलखत होता. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बांगडी सुरेख आलीय. मागे ही बाई कोण?"