मावसभाऊ, तीन रात्रींपुरते

गेटवरच्या केबिनमध्ये एक लांबट रजिस्टर असतं आणि त्याला सुतळीने बांधलेलं, टोपण हरवलेलं बॉलपेन. तारीख, वेळ, नाव, गाडी नंबर, फ्लॅट नंबर आणि सगळ्यात शेवटी एक चिंचोळा रकाना : 'काम'. तिथे एरवी 'कुरिअर', 'गॅस', 'पेपर बिल', 'सत्यनारायण' असं काहीबाही लिहिलेलं असतं. पुण्याच्या पश्चिमेला नव्या वस्तीत अशाच एका चार विंगांच्या सोसायटीत (नाव कशाला, वाचणाऱ्याला ती आपलीच वाटेल) सी-602 समोर मात्र गेल्या दिवाळीपासून एकच शब्द पडतो. 'मावसभाऊ'.

सी-602 चा मालक बंगळुरूला नोकरी करतो. तिशीतला, अविवाहित, आईबापांना एकुलता एक. असं असूनही गोतावळा म्हणाल तर एखाद्या देशमुखी वाड्याने हेवा करावा एवढा. शुक्रवारी रात्री गुरगावहून चार मावसभाऊ येतात, सोबत बॅगेएवढा स्पीकर. रविवारी ते जातात, सोमवारी सुरतेचे येतात, बुधवारी कोचीचे. एकदा कोरियाहून जोडपं आलं. वॉचमन काकांनी हातवारे करून 'कोणाकडे?' विचारलं, तेव्हा त्या तरुणाने मोबाइलमध्ये पाहून 'कझिन' एवढा एकच शब्द उच्चारला. काकांनी शांतपणे मावसभाऊ लिहिलं. चेहरेपट्टी जुळते की नाही हे बघायचा त्यांना पगार मिळत नाही.

परदेशी माणूस कुणाकडे उतरला तर 24 तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. हॉटेलला लागू आहे तसंच ते घरालाही लागू आहे. पण त्या फॉर्ममध्ये मावशी कुठली, हा रकाना नाही.

खरं तर ही सगळी भानगड तीन गाद्यांवरून सुरू झाली. 2007 च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनवाल्यांचं संमेलन भरलं होतं आणि हॉटेलं भरून गेली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडं जड जात होतं. त्यांनी दिवाणखान्यात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या आणि रात्रीला 80 डॉलर घेतले. पुढच्या वर्षी त्यातूनच एअरबीएनबी उभी राहिली. त्या पहिल्या तीन पाहुण्यांत एकजण भारतातून गेलेला होता, आणि आडनावावरून चक्क आपल्याकडचा! म्हणजे या धंद्याच्या बोहनीलाच मराठी माणूस हजर होता, फक्त गल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला.

आता सोसायटी. या सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि उपविधींची प्रत त्यांच्याकडे तीन रंगांच्या खुणांसह आहे. त्यांनी ती दोनदा वाचली. निघालं ते असं : सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सने द्यायचा तर सोसायटीची परवानगी लागत नाही. कळवावं लागतं, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच. म्हणजे भाडेकरू हा प्राणी कागदाला ठाऊक आहे. सभासदही ठाऊक आहे. शनिवारी येऊन सोमवारी जाणारा मात्र दोन्हींत बसत नाही.

सेक्रेटरींनी मग मोठं शस्त्र काढलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यांचं म्हणणं, कायद्यात कमीत कमी किती दिवस हे लिहिलेलं नाही, तेव्हा दोन रात्रींचाही करार नोंदवा. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार, वर मुद्रांक शुल्क, दोन साक्षीदार, अंगठे. गुरगावच्या चौघा मावसभावांचे अंगठे घेता घेता त्यांची चेक-आउटची वेळ व्हायची. एका वकील सभासदाने विचारलं, ''अहो, मग लॉजवाल्याने काय करायचं?'' सेक्रेटरींनी हा मुद्दा इतिवृत्तात घेतला नाही.

या कायद्याची एक गंमत आहे. अकरा महिन्यांचा करार ही आपली राष्ट्रीय सवय जन्माला आली ती नोंदणी चुकवण्यासाठी. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोक अकराव्या महिन्यात थांबले. महाराष्ट्रात नवा कायदा आला आणि प्रत्येक लिव्ह अँड लायसन्सला नोंदणी आली, तरी अकरा महिने काही जागचे हलले नाहीत. कारण संपलं, सवय राहिली.

पैशांचाही प्रश्न होताच. स्वतः न राहणाऱ्या सभासदाकडून घ्यायच्या बिनभोगवटा शुल्काचे आकडे पूर्वी सोसायट्या मनाला येईल तसे लावत. शासनाने 1 ऑगस्ट 2001 रोजी त्याला खुंटी मारली : सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयानेही 2007 मध्ये ही मर्यादा उचलून धरली. आता हिशेब करा. सेवाशुल्क समजा महिन्याला तीन हजार, तर सोसायटीच्या पदरात पडले तीनशे. सी-602 एका शनिवारच्या रात्रीचे समजा पाच हजार घेतो. लिफ्ट मात्र दोघांची एकच, आणि स्पीकर चढवायला तिला तीन फेऱ्या पडतात.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी झाली. गणसंख्या नव्हती. सभा अर्धा तास तहकूब झाली, बटाटेवडे आले, गणसंख्येची गरज संपली. विषय सहावा : 'सी-602 व तत्सम'. पार्किंग, पाणी, पोहण्याचा तलाव, रात्री दीडला केक कापून जिन्यात केलेला आरडाओरडा, हे सगळं खरं होतं. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ''रोज नवा माणूस हसून नमस्कार करतो. उद्या चोर आला तर त्यालाही मी नमस्कारच करीन की!'' एवढं शहाणं वाक्य त्या सभेत दुसरं झालं नाही.

सगळ्यात तावातावाने बोलले खजिनदार. ''ही रहिवासी इमारत आहे, धर्मशाळा नाही!'' टाळ्या. त्यांचा स्वतःचा एक फ्लॅट गोव्यात कांदोळीला आहे आणि तो रात्रीच्या दराने जातो. गोव्यात पैसे घेऊन पर्यटक उतरवायचे तर 1982 च्या कायद्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. ती केली आहे का, असं वकिलांनी हळूच विचारलं. ''तिथलं वेगळं आहे,'' खजिनदार म्हणाले. ''तिथे लोक फिरायलाच येतात.''

कोणी काढली नाही ती गोष्ट वेगळीच. दोन वर्षांपूर्वी सी-602 च्या मालकाने रीतसर भाडेकरू आणले होते. हिंजवडीत नोकरीला असलेले दोन इंजिनिअर, करार तयार, डिपॉझिट तयार. कमिटीने नोटीस लावली : 'फक्त फॅमिली'. उपविधींत अशी अट नाही, पण नोटीस बोर्डाला उपविधी लागत नाहीत. फ्लॅट आठ महिने रिकामा राहिला, हप्ता चालू राहिला. तेव्हा मालकाने फोटोग्राफर बोलावला, भिंतीवर एक वारली चित्र टांगलं आणि फ्लॅट ॲपवर टाकला. ज्या सोसायटीला दोन बॅचलर चालले नाहीत, तिच्याकडे आता आठवड्याला सहा येतात, आणि ओळख होण्याआधी जातात.

जगात इतरांनीही यावर डोकं चालवलं आहे. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांहून कमी मुदतीला देताच येत नाही. स्पेनमध्ये एप्रिल 2025 पासून फ्लॅट पर्यटकांना द्यायचा तर इमारतीतल्या तीन पंचमांश मालकांची संमती लागते. आपल्याकडे तेवढे मालक सभेला आले तर त्यांचा सत्कार होईल. पण कमाल केली न्यूयॉर्कने. सप्टेंबर 2023 पासून तिथे तीस दिवसांहून कमी राहणाऱ्यांसाठी नियम असा : यजमान स्वतः घरात हवा, पाहुणे दोनच, आणि त्यांना घरभर वावर मोकळा, आतल्या खोल्यांना कुलूप नको. म्हणजे पाहुण्याला खरोखरच मावसभावासारखं ठेवा! आपल्या केंद्र सरकारच्या निवास व न्याहरी योजनेतही मालकाने कुटुंबासह तिथेच राहायचं असतं. बंगळुरूहून न्याहरी वाढता येत नाही.

हे सगळं वाचून सेक्रेटरींना नवी वाट सुचली. उपविधींत 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या आहे. पती, पत्नी, आई, वडील, बहीण, भाऊ, मुलगा, मुलगी, जावई, सून, मेहुणा, मेहुणी, नातवंडं. त्यांनी यादीवरून बोट दोनदा फिरवलं. मावसभाऊ कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी चारही लिफ्टमध्ये नोटीस लागली : 'उपविधींतील व्याख्येत न बसणाऱ्या नातेवाइकांची आगाऊ लेखी सूचना दिल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही. मावसभाऊ, आतेभाऊ इत्यादी व्याख्येत बसत नाहीत.' खाली व्याख्या पूर्ण छापली होती, सभासदांच्या माहितीसाठी.

सी-602 च्या मालकानेही ती व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचली.

शुक्रवारी रात्री साडेअकराला इंदूरची गाडी गेटवर उभी राहिली. पाचजण उतरले, एकाच्या खांद्यावर गिटार. काकांनी सुतळी ओढून बॉलपेन जवळ घेतलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, ''कोण म्हणून लिहू?''

''मेहुणे,'' गिटारवाला म्हणाला. ''पाचही.''

काका लातूरकडचे. त्यांनी पाचही नावं सावकाश उतरवली, शेवटच्या रकान्यात पाचदा 'मेहुणा' लिहिलं आणि सेक्रेटरींना इंटरकॉम लावला. ''साहेब, त्ये सी-सहाशे दोनवाल्याचं लगीन कवा झालं? पेढे न्हाई आले आपल्याकडं.''