बाबा, ओटीपी आला का?

अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल हे मूलच, असं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो. एखाद्या ॲपला तुमच्या मुलीची माहिती हवी असेल, तर आधी आईवडिलांची संमती घ्यावी लागेल. तीही 'हो हो, घ्या' अशी मोघम नव्हे, पडताळून पाहता येईल अशी. मुलांच्या पाळतीवर राहून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. चूक केली तर दंड दोनशे कोटींपर्यंत. नियम २०२५च्या नोव्हेंबरात निघाले आणि हा भाग लागू व्हायला पुढे अठरा महिन्यांची सवड दिली आहे. कंपन्यांना तयारीला वेळ नको का?

घरोघरच्या मुलांची तयारी मात्र केव्हाच झाली आहे. सहावीतली मुलगी आईच्या फोनवर नवा गेम उतरवून घेते. पडद्यावर सूचना येते, पालकांना बोलवा. पालक समोरच सोफ्यावर आडवे पडून रील बघत असतात. मुलगी विचारते, "बाबा, ओटीपी आला का?" बाबा मान वर न करता सहा आकडे वाचून दाखवतात. कशाचा, कुणासाठी, किती रुपयांचा, असले क्षुद्र प्रश्न ते विचारत नाहीत. 'हा ओटीपी कुणालाही सांगू नका' ही ओळही ते त्याच मेसेजमधून त्याच सुरात वाचून दाखवतात. झाली संमती. बाबा झोपलेले असले तरी काम अडत नाही, कारण त्यांच्या फोनचा पासवर्ड म्हणजे लेकीची जन्मतारीख. पालकाची ओळख डिजिलॉकरमार्फत पटवण्याचीही सोय नियमांत आहे. उत्तम सोय. फक्त बाबांना डिजिलॉकर उघडून कुणी दिलं, हे सरकारने विचारू नये.

वयाचंही तसंच. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात. मूल नऊ वर्षांचं, आणि मावसभावंडांचे डान्स बघायचेत म्हणून रडून घर डोक्यावर घेतलेलं. मग आईच जन्मवर्षाचं चाक गरागरा फिरवते आणि ते थांबेल तिथे थांबू देते. आमच्या इमारतीतली निम्मी चौथी कागदोपत्री पस्तिशीची आहे. तेरा ते सतराच्या मुलांची खाती आपोआप खासगी ठेवायची, अनोळखी माणसाचा मेसेज त्यांच्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही, अशी व्यवस्था त्या कंपनीने २०२४पासून आणली. पण पस्तिशीच्या बाईला असलं संरक्षण कशाला? तिला गृहकर्जाच्या आणि केसगळतीच्या जाहिराती येतात, आणि रात्री अकराला कुणीतरी 'हाय डिअर' म्हणतो. मुलाला आयुष्यातलं पहिलं खोटं स्क्रीनवर टाइप करायला शिकवणारी तीच आई पुढच्या महिन्यात शाळेच्या पालकसभेत विचारते, "मॅडम, ही मुलं इतकं खोटं बोलायला शिकतात कुठे?"

मुलांना मोबाइलपासून वाचवण्यासाठी आमच्या सोसायटीने परवा सभा घेतली. सभेची सूचना अर्थातच व्हॉट्सॲपवर आली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली आहे, तशी बंदी निदान आपल्या सोसायटीत तरी हवी, असा ठराव सेक्रेटरींनी मांडला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात खजिनदार उठले. बंदीला माझा पाठिंबा आहे, पण गॅस कोण बुक करणार? फास्टॅग कोण भरणार? आईला संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन कोण लावून देणार? सभागृह गंभीर झालं. शेवटी दुरुस्तीसह ठराव मंजूर झाला. बंदी असावी, मात्र घरकामापुरती सूट द्यावी.

सभेत आणखी एक विषय होता, मोबाइलमुळे मुलांत वाढलेला उद्धटपणा. त्याची पार्श्वभूमी सांगायला हवी. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलं, ही कित्येक वर्षं फिरणारी थाप तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. खाली पंचवीस जणांनी हात जोडले. वडिलांचा नंबर वापरणाऱ्या नववीतल्या मुलाने लिहिलं, 'आजोबा, हे खोटं आहे. युनेस्कोने असं काही जाहीर केलेलं नाही.' सोबत खुलाशाची लिंकही दिली. दहा मिनिटांत ॲडमिनने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. फॉरवर्ड अजून तिथेच आहे. माहिती आली की तपासावी, उगम बघावा, मग पुढे पाठवावी, हेच तर डिजिटल साक्षरतेच्या प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते करून दाखवणारा अख्ख्या इमारतीत एकच निघाला आणि तो उद्धट ठरला.

आता फोटोंचं बघा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की 'आमच्या पिल्लूचा पहिला दिवस' फेसबुकवर येतो. पिल्लूने नवा गणवेश घातलेला असतो आणि गळ्यात ओळखपत्र असतं. फोटो जरा मोठा करून बघा. शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी, रक्तगट, घरचा पत्ता, आईचा मोबाइल नंबर, स्कूलबसचा क्रमांक, सगळं स्वच्छ वाचता येतं. हल्लीचे कॅमेरे चांगलेच असतात. हा फोटो टाकणारे बाबा मुलाला बजावतात, "अनोळखी माणसाला आपली माहिती द्यायची नाही हं!" मुलाने द्यायला आता शिल्लक राहिलंय काय?

साक्षरता मोजायची म्हटलं की आपण मुलांचीच मोजतो. 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं गेलं. ८२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांना त्रास देणाऱ्याला ब्लॉक करता किंवा त्याची तक्रार करता येत होती आणि सुमारे ५५ टक्क्यांना आपलं प्रोफाइल खासगी करता येत होतं. आकडे काही फार चांगले नाहीत. पण हेच प्रश्न जरा पालकांना विचारून बघा. पालक म्हणतील, थांबा, मुलाला विचारून सांगतो.

नियम फक्त मुलांना लावायचे, याला अपवाद ठरलेलं एक गाव आहे, आणि त्याची थट्टा करायची माझी इच्छा नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. गावाची वाहवा झाली, पत्रकार आले, कॅमेरे आले. मग इतर ठिकाणच्या पालकांनी फोनवर बातमी वाचून मुलांना सुनावलं, "बघ, तिकडची मुलं कशी सातला मोबाइल ठेवतात!" बातमीतला एक शब्द मात्र सोयीने गाळला. तिथे टीव्हीही बंद होता, म्हणजे मोठ्यांच्या मालिकाही. भोंगा सगळ्या घराला लागू होता. आमच्या सोसायटीत हा प्रयोग सुचवला तेव्हा, सातला मुलांचे मोबाइल बंद करावेत, असं सर्वानुमते ठरलं. भोंग्याचा आवाज मालिकेच्या संवादात येतो म्हणून भोंगा मात्र नामंजूर झाला.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाशी कुणीतरी मुलीच्या नावाने गप्पा मारतं, फोटो मागतं, आणि फोटो हातात पडला की धमकी देतं. पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो. या धंद्याचा आता चांगला जम बसला आहे. त्या रात्री ते पोर कुणाकडे जाणार? शेजारच्या खोलीत आई आहे, पण आईचं ठरलेलं वाक्य त्याला तोंडपाठ आहे, 'पुन्हा काही झालं तर मोबाइल कायमचा काढून घेईन.' आपण ज्याला शिस्त म्हणतो, ते वाक्य त्या भामट्याच्या फार कामाचं आहे. मूल घरात बोलणार नाही, एवढीच त्याची गरज असते, आणि ती आपण फुकटात भागवून ठेवली आहे. फिल्टर लावा, वेळेची मर्यादा घाला, सगळं करा. पण ज्या घरात चूक कबूल केली की शिक्षा होते, तिथलं मूल चूक लपवायलाच शिकतं. त्यावर कुठलंही ॲप निघालेलं नाही.

तेव्हा सभा, शपथा आणि शपथ घेतल्याचे सेल्फी जरा बाजूला ठेवा. आज रात्री जेवताना मुलाला एवढंच सांगा, 'फोनवर काहीही विचित्र झालं, तुझ्या चुकीने झालं तरीही, आधी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही.' आणि मग शब्द पाळा, अवघड गेलं तरी. तसं काही झालंच तर पैसे पाठवू नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी १९३०, मुलांसाठीची १०९८. हे दोन्ही नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह करा. करता येत नसतील तर मुलाला सांगा, तो करून देईल.