टचकारे आणि ठिणगी

नामिबियाच्या ईशान्येला ग्राशोक नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे जुहोआन्सी सान लोक 2004 पासून स्वतःचं एक 'जिवंत संग्रहालय' चालवतात. पाहुण्यांनी पैसे मोजायचे, यजमानांनी कातडी नेसून आपल्या आजोबांचं जगणं दाखवायचं आणि संध्याकाळी टी-शर्ट चढवून घरी जायचं. मला हा व्यवहार फार आवडला. आमच्याकडे आजोबांचं जगणं नातवांना फुकट ऐकावं लागतं.

त्यांच्या भाषेत चार तऱ्हेचे टचकारे आहेत. पहिला तर आपलाच 'च्च', कुणाचं प्रमोशन हुकलं की वरच्या दातांमागून निघतो तो. दुसरा गालाच्या कडेनं निघतो, टांगेवाल्याचा. उरलेले दोन टाळूवरचे. त्यांत माझी कवळी धोक्यात आली. बायकोला 'च्च' पहिल्याच फटक्यात जमला. बत्तीस वर्षं माझ्याकडे बघून रियाज झालेला.

मग अग्नी. आडवी काडी पायाखाली दाबायची, उभी तिच्या खाचेत रोवून तळहातांत घुसळायची. दोन म्हाताऱ्यांनी आळीपाळीनं घुसळून गप्पा मारता मारता निखारा पाडला. मी दुभाष्याला म्हटलं, "आमच्याकडे यज्ञात अरणी घुसळून अस्साच अग्नी काढतात." त्यानं आदरानं काडी माझ्या हाती दिली. तेवढ्यासाठी तरी गप्प बसायला हवं होतं.

मी घाम पुसत होतो तेव्हा दुभाष्यानं मन रमवायला त्यांची एक चाल सांगितली. मोठी शिकार आणणाऱ्यानं फुशारकी मारायची नाही, आणि इतरांनी मटणाला नावं ठेवायची: हाडंच की सगळी! शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. शिवाय मांस वाटण्याचा मान बाण मारणाऱ्याचा नव्हे, बाण ज्याचा त्याचा. त्यामुळे घरी बसलेल्या म्हाताऱ्यालाही मान मिळतो. रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञानं बोट्स्वानातल्या सान लोकांना नाताळासाठी धष्टपुष्ट बैल घेऊन दिला, तर ज्यानं त्यानं त्याला हाडांचा सापळा म्हणून हिणवलं. बिचारा सणाच्या दिवसापर्यंत झुरत होता. त्यानं 1969 साली त्यावर लेखच लिहिला.

मला यात परकं काही वाटेना. दहावीत मी शाळेत दुसरा आलो तेव्हा पेढा तोंडात टाकत आत्यानं एवढंच विचारलं होतं, "पहिला कोण आला?"

एवढ्यात धूर निघाला. खरंच निघाला! केसाएवढा होता, पण माझा होता. मी फोड आलेले तळहात सगळ्यांना दाखवले. एका म्हाताऱ्यानं वाकून खाच पाहिली, दोन टचकारे मारून काहीतरी म्हटलं आणि सगळे खो खो हसले.

"नावं ठेवतायत ना?" मी हरखून विचारलं. "म्हणजे ती चाल?"

"नाही," दुभाष्या म्हणाला. "ती शिकारीपुरती. काडी खरंच वाया गेली म्हणतात."

"च्च," बायको म्हणाली. अगदी अस्सल.