सभा सहाची, साहेब साडेआठचे

प्रति,
पुणे शहरातील सर्व पक्षांचे, युत्यांचे, आघाड्यांचे आणि अपक्ष उमेदवार,
तसेच त्यांच्यासाठी बाहेरगावाहून येणारे स्टार प्रचारक

विषय : प्रचारसभेस उशिरा पोहोचण्याची प्रथा कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ : मैदानावरील भरलेल्या व रिकाम्या खुर्च्या.

महोदय / महोदया,

पुण्यातल्या प्रचारसभेला तीन वेळा असतात. पहिली परवानगीच्या अर्जावरची. सभेची जागा आणि वेळ पोलिसांना आधी कळवावी, असे आदर्श आचारसंहिता सांगते. त्यानुसार ती कळवली जाते, आणि त्या वेळेवर विश्वास ठेवून मैदानावर हजर होणारे दोघेच उरले आहेत, बंदोबस्तावरचे पोलिस आणि साउंडवाला. दुसरी वेळ फ्लेक्सवरची, बहुधा सायंकाळी सहाची. तिसरी नेत्याच्या आगमनाची. ती कुठल्याही कागदावर नसते, पण सर्वांना ठाऊक असते, आणि सभा तिच्याच हिशेबाने चालते.

या तिसऱ्या वेळेचा उगम शहराबाहेर आहे. मान्यताप्राप्त पक्षाला 40 पर्यंत स्टार प्रचारक जाहीर करता येतात. प्रत्यक्षात मागणी त्यांतल्या दोघातिघांनाच असते आणि विधानसभेच्या जागा 288. मग एका नेत्याच्या वाट्याला दिवसाला चार-पाच सभा येतात. गावोगावच्या तात्पुरत्या हेलिपॅडवरून अंधार पडल्यावर उड्डाण होत नाही, म्हणून तालुक्यांच्या सभा उन्हात उरकतात आणि संध्याकाळची सभा विमानतळ असलेल्या शहराला मिळते. सकाळच्या सभेत हार घालणाऱ्यांची रांग संपत नाही, दुपारी कुणा आमदाराच्या घरचा जेवणाचा आग्रह मोडवत नाही, आणि दिवसभर साठलेला सगळा उशीर संध्याकाळी लोहगावला उतरतो. तिथून टिळक रस्त्यापर्यंत ताफ्यासाठी चौकाचौकांत वाहतूक थांबवली जाते. त्यामुळे नेत्याचा उशीर दहा मिनिटांनी कमी होतो आणि त्याच रस्त्याने सभेला निघालेल्या श्रोत्यांचा तेवढ्यानेच वाढतो.

दुसरे कारण खुद्द मैदानावर असते. सहा वाजता नेत्याच्या गाडीतून फोन येतो, ‘मैदान भरलं का?’ त्याच सुमारास पेठेतल्या एका घरातून मैदानावरच्या कार्यकर्त्याला फोन जातो, ‘साहेब आले का?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘अजून नाही’ असेच असते. मैदान भरल्याशिवाय साहेब निघत नाहीत आणि साहेब आल्याशिवाय मैदान भरत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी स्थानिक वक्ते ही संस्था जन्माला आली. शहराध्यक्ष, मित्रपक्षाचे शहराध्यक्ष, इच्छुक असूनही तिकीट न मिळालेले ज्येष्ठ आणि माजी नगरसेवक असा तिचा क्रम असतो. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले आणि पुढे काही वर्षे शहरातले सगळेच नगरसेवक माजी होऊन बसले. त्या काळातल्या लोकसभा आणि विधानसभेच्या प्रचारात या वर्गातल्या वक्त्यांची टंचाई कुणाला जाणवली नाही.

स्थानिक वक्त्याला दोन कामे असतात : बोलत राहणे आणि सांगताच थांबणे. अधूनमधून निवेदक त्याच्या हातून माइक घेऊन प्रवासवर्णन सादर करतो. साहेबांचं विमान उतरलं, साहेब येरवड्यात आले, साहेब पुढच्या पाच मिनिटांत आपल्यात असतील. या पाच मिनिटांत एक पोवाडा, दोन सत्कार आणि एका पक्षप्रवेशाचा सोहळा आरामात बसतो. उमेदवार बहुतेक वेळा नेत्याच्या ताफ्यातूनच येतो. त्यामुळे पाण्याचा कमी दाब, कचरा, खोदलेले रस्ते यांविषयी ज्याला विचारायचे तो माणूस श्रोते मोकळे असताना हजर नसतो, आणि तो हजर होतो तेव्हा विचारायला सवड नसते.

उशिराला वरची मर्यादा एकच आहे, रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. पुण्याला या नियमाचे वजन चांगले माहीत आहे. एकेकाळी रात्रभर रंगणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपली वेळापत्रके नव्याने बांधावी लागली, तिथे शहराध्यक्षांच्या आभारप्रदर्शनाचा पाड काय! खुद्द पंतप्रधान नरेंद्र मोदी 30 सप्टेंबर 2022 रोजी राजस्थानातल्या अबू रोडच्या सभेला दहानंतर पोहोचले, तेव्हा त्यांनी माइक वापरला नाही. उशिराबद्दल क्षमा मागितली, लोकांना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा येण्याचे आश्वासन दिले. सूर्यास्तापूर्वी येणे अशक्य आणि दहानंतर बोलणे बेकायदा, अशा चार तासांच्या पट्टीत पुण्याची सभा बसवलेली असते.

ही सारी रचना वेळ पाळण्याच्या नादात कशी कोसळते, याचे उदाहरण याच शहरात घडले आहे. 18 फेब्रुवारी 2017, शनिवार. महापालिकेचे मतदान तीन दिवसांवर होते. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची टिळक रस्त्यावर सभा होती. मुख्यमंत्री आले, खुर्च्या होत्या, श्रोते नव्हते. सभा न घेता ते पिंपरी-चिंचवडला रवाना झाले आणि वेळेबाबतच्या गैरसमजामुळे लोक कमी होते, असा खुलासा त्यांनी ट्विटरवर केला. विरोधकांनी रिकाम्या खुर्च्यांची छायाचित्रे आनंदाने फिरवली. तात्पर्य काढणाऱ्यांनी मात्र भलतेच तात्पर्य काढले. श्रोते रागावले नव्हते की पांगले नव्हते. नेते सभेला नेमके केव्हा येतात, याचा अनेक निवडणुकांतला अनुभव त्यांच्या गाठीशी होता आणि त्या अनुभवावर त्यांनी विश्वास टाकला. 23 फेब्रुवारीला निकाल लागला, तेव्हा 162 जागांच्या महापालिकेत फडणवीस यांच्याच पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले.

मतदाराच्या प्रतिक्रियेचे म्हणून काही प्रकार नोंदवावे लागतात. पहिल्या चार-पाच रांगांतले श्रोते पदाधिकाऱ्यांच्या नजरेखाली असतात. त्यांना उठून जाता येत नाही, कारण त्यांची स्वतःची उमेदवारी पुढच्या निवडणुकीत ठरायची असते. मधल्या रांगा बसने आणलेल्यांच्या. त्यांचे लक्ष भाषणापेक्षा परतीच्या गाडीकडे आणि जेवणाच्या पाकिटाकडे असते. त्यांच्यासाठी उशीर म्हणजे ठरल्या मोबदल्यात जादा काम. कडेच्या खुर्च्या आसपासच्या पेठांतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या या गावात ठरल्या वेळी जाऊन व्याख्यान ऐकण्याची सवय जुनी आहे. हा वर्ग फ्लेक्सवर छापलेल्या वेळेला येतो, आठ वाजता औषधाच्या वेळेचे कारण सांगून उठतो आणि निषेधाचा एकही शब्द न काढता घरी जातो. चौथा प्रकार लगतच्या इमारतींच्या गॅलरीतला किंवा मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहणारा. नेता व्यासपीठावर चढला की तो आमटीला फोडणी देऊन पडद्यासमोर बसतो. उशिराची झळ ज्याला अजिबात लागत नाही असा श्रोता हाच. पाचवा प्रकार सभेशी काहीही संबंध नसलेल्यांचा. सभेपायी वळवलेल्या वाहतुकीत स्कूटरवर अडकलेले हे लोक वक्त्यांविषयी जे बोलतात, ते छापण्याजोगे नसते.

या सर्वांपैकी कुणी उठून मोठ्याने जाब विचारलाच, तर कायदा जागा होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 127 नुसार निवडणूक सभेत गोंधळ घालून तिचे कामकाज होऊ न देणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वक्ता न येण्यामुळे कामकाज होत नसेल, तर त्यासाठी कलम नाही. आचारसंहिताभंगाची तक्रार सी-व्हिजिल ॲपवर नोंदवली की 100 मिनिटांत तिचा निकाल लावण्याचे निवडणूक आयोगाने ठरवून घेतले आहे. पुष्कळ सभांत तेवढ्या वेळात निवेदकाचे प्रवासवर्णनही येरवडा ओलांडत नाही. आयोगाची व्हिडिओ पथके मैदानावरच्या खुर्च्या, मांडव, गाड्या टिपत असतात, आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरपत्रकानुसार चहापासून व्यासपीठापर्यंत सगळे उमेदवाराच्या खर्चात धरले जाते. विधानसभेला 40 लाख आणि लोकसभेला 95 लाख रुपयांची मर्यादा आहे. दरपत्रकात श्रोत्यांच्या वेळेचा दर नसल्याने ती मर्यादा उशिरामुळे कधी ओलांडली जात नाही.

उमेदवाराला घड्याळ कळत नाही, असा समज मात्र चुकीचा ठरेल. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत द्यावा लागतो. त्यासाठी तो सकाळीच कसबा गणपतीचे दर्शन घेऊन, मुहूर्त साधून, मिरवणुकीसह निघतो आणि तरीही वेळेत पोहोचतो. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर सभा घेता येत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी सहाच्या ठोक्याला त्याचे भाषण बरोबर संपते. ज्या वेळेमागे कायदा उभा आहे ती मिनिटानिशी पाळली जाते. जिच्यामागे फक्त खुर्चीवर बसलेला मतदार आहे, ती लवचीक असते. इथे पुण्यापुरती एक खबरदारी घ्यावी लागते, कारण घड्याळ हे निवडणूक चिन्हही आहे. घड्याळ कोणाचे, हा वाद निवडणूक आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घड्याळाप्रमाणे कोण चालते, हा वाद अजून कुठेच दाखल झालेला नाही.

उशिराची शिक्षा मतपेटीतून होते, याला पुरावा तोकडा आहे. 25 ऑक्टोबर 2024 रोजी डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटीच्या सभेला सुमारे तीन तास उशिरा पोहोचले, कारण ते टेक्सासमध्ये एका पॉडकास्टसाठी बोलत बसले होते. थंडीत ताटकळलेले बरेच समर्थक कंटाळून परत गेले. काही दिवसांनी मिशिगन ट्रम्प यांनीच जिंकले. लोकांनी सभा सोडली, पक्ष सोडला नाही.

मतदाराच्या मनात वेगळा हिशेब असतो, आणि तो 2019 च्या विधानसभा निवडणुकीत दिसला. 9 ऑक्टोबरला राज ठाकरे यांची पुण्यातली सभा पावसाने मैदानाचा चिखल केल्यामुळे रद्द झाली; त्या दिवशी वेळ पाळणारा तेवढा पाऊसच होता. नऊ दिवसांनी साताऱ्यात शरद पवार भर पावसात भिजत बोलले. विधानसभेबरोबरच झालेल्या तिथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत उदयनराजे भोसले पराभूत होऊन श्रीनिवास पाटील निवडून आले. पराभवाची कारणे अनेक असतील, पण सभा किती वाजता सुरू झाली होती, हे आज कुणी विचारत नाही. श्रोते भिजत होते तेव्हा वक्ताही भिजत होता, एवढे लोकांच्या लक्षात राहिले. गैरसोय दोन्हीकडे सारखी असेल, तर घड्याळ कुणी काढत नाही. कसब्यासारख्या मतदारसंघात म्हणूनच अरुंद बोळांतली पदयात्रा मैदानी सभेपेक्षा जास्त भाव खाते. तिथे उमेदवाराला स्वतःच्या पायांनी मतदाराच्या दारात जावे लागते, आणि दार बंद असेल तर वाट पाहण्याची पाळी त्याच्यावर येते.

उमेदवारांना या सगळ्यावर एक बिनतोड उत्तर उपलब्ध आहे, ते इथेच नोंदवलेले बरे. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत पुणे मतदारसंघातल्या जवळपास निम्म्या मतदारांनी मतदानच केले नाही. 2024 मध्ये मतदान वाढले, तेही 53 टक्क्यांच्या आसपास. सहा वाजता रांगेत उभा असलेल्या शेवटच्या मतदारालाही चिठ्ठी देऊन मत घेतले जाते, इतकी सोय असताना निम्मे शहर येत नाही. नेता अडीच तास उशिरा येतो. हे मतदार पाच वर्षांत एकदाही येत नाहीत. त्यांना नेत्याच्या घड्याळाकडे बोट दाखवता येणार नाही.

उरलेल्या निम्म्यांच्या वतीने पुढील सूचना विचारार्थ सादर करण्यात येत आहेत. फ्लेक्सवर सभा सुरू होण्याची आणि नेता येण्याची अशा दोन वेळा छापाव्यात, म्हणजे ज्येष्ठांची औषधे चुकणार नाहीत. उमेदवाराने ताफ्याची वाट न पाहता छापलेल्या वेळी एकट्याने मैदानावर यावे आणि साहेब पोहोचेपर्यंत प्रभागातल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत; उत्तरे नसतील, तर स्थानिक वक्त्यांची सोय आहेच. सभा संपण्याची वेळही जाहीर करावी आणि नेता कितीही उशिरा आला तरी ती पाळावी, म्हणजे उशिराची भरपाई श्रोत्यांच्या झोपेतून न होता नेत्याच्या भाषणातून होईल. यांपैकी काहीच जमण्यासारखे नसेल, तर प्रथा आहे तशी चालू ठेवावी. अचानक वेळेवर येऊन 18 फेब्रुवारी 2017 ची पुनरावृत्ती कुणी करू नये, ही विनंती.

कळावे,

फ्लेक्सवरच्या वेळेला आलेले श्रोते,
पुणे शहर

प्रत माहितीसाठी :
1. वाहतूक शाखा, वळवलेले रस्ते पुन्हा केव्हा सरळ करायचे ते ठरवण्यासाठी.
2. मांडववाले व जनरेटरवाले, डिझेलच्या अंदाजासाठी.
3. मैदानाबाहेरचे भेळवाले व चहावाले, ज्यांची या पत्रातील सर्व सूचनांना हरकत आहे.