अठराव्या वाढदिवसाला ‘चष्मामुक्ती’ विकणाऱ्यास खुलं पत्र

प्रति,
‘चष्मामुक्ती’ पॅकेजचे समुपदेशक महोदय,



पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या केंद्राची जाहिरात आमच्या भागातल्या प्रत्येक बसथांब्यावर लागली आहे. ‘अठरा पूर्ण? चष्म्याला रामराम!’ शेजारी हसरी मुलगी, हातात तुटलेला चष्मा आणि खाली सणाच्या सवलतीची शेवटची तारीख. बारावीचा निकाल लागला की तुमच्या दारात आईबापांची रांग लागते, ती या फलकामुळे. अठरा हे मतदानाचं वय आहे, वाहन परवान्याचं वय आहे. ते डोळ्याचा नंबर थांबण्याचं वय आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं? डोळा जन्मदाखला वाचत नाही.

माझी थोरली बहीण आणि माझी भाची तुमच्यासमोर बसल्या होत्या, तेव्हा मीही शेजारच्या खुर्चीत होते. भाचीच्या गेल्या वर्षीच्या तपासणीचा कागद आम्ही टेबलावर ठेवला. उजवा डोळा उणे साडेतीन. तुमच्याच यंत्राने त्या दिवशी दाखवला उणे सव्वाचार. म्हणजे वर्षभरात पाऊण नंबर वाढला. तुम्ही तो जुना कागद हातात घेतलात, उलटा केलात आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पॅकेजचे आकडे लिहिलेत. साधं, मध्यम, प्रीमियम. प्रीमियमभोवती दोनदा गोल काढलात. त्या कागदावरची कामाची गोष्ट दुसऱ्या बाजूला होती, महोदय. ती वाचण्याचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत.

नंबर स्थिर आहे की नाही, हा लेझरने चष्म्याचा नंबर उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा पहिला प्रश्न. निदान एक वर्ष, शक्यतो दोन वर्षं, नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा, म्हणजे अर्ध्या नंबरपेक्षा, जास्त हललेला नसावा, असा नेत्रतज्ज्ञांचा सर्वसाधारण दंडक आहे. अठरा वर्षं ही फक्त खालची मर्यादा. त्याच्या आत करू नये, एवढाच तिचा अर्थ. अठरा झाली म्हणून करावंच, असा तिचा अर्थ तुम्ही तुमच्या सोयीने लावलात. लघुदृष्टीच्या मुलांचा नंबर अनेकदा विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहतो. दिवसभर पुस्तकात आणि पडद्यात डोळे घालून बसणाऱ्यांचा तर त्याहून पुढेही. स्माइल ही लेझर पद्धत 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केली, तेव्हा वयाची अट 22 वर्षांची घातली. वाढत्या नंबरवर लेझर फिरवलं तर आजचा नंबर उतरतो, उद्याचा पुन्हा चढतो. मग दोन वर्षांनी त्या मुलीला परत चष्मा लागला की तुम्ही तिला दुसऱ्यांदा ‘टच-अप’ सुचवणार. त्याचे पैसे कोणत्या कागदाच्या मागे लिहिणार?

आणि दुसऱ्यांदा करायला पुरेसा कॉर्निया उरेल का, हे तिला कधी सांगितलंत? बुबुळावरचा तो पारदर्शक पडदा मध्यभागी सरासरी 540 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लॅसिक या लेझर पद्धतीत आधी शंभर-एकशेदहा मायक्रॉनची पापुद्र्यासारखी झडप उचलतात. मग एकेका नंबरमागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन पेशीजाल लेझरने कायमचं उडवतात. झडपेखाली निदान 250 मायक्रॉन शिल्लक राहावेत, असं धरतात. सावध डॉक्टर 300 धरतात. आता आठ नंबरची आणि 490 मायक्रॉनची मुलगी घ्या. झडपेचे 110, लेझरचे 120, खाली उरले 260. दुसऱ्या खेपेसाठी जवळजवळ काहीच उरलं नाही. उडवलेला कॉर्निया पुन्हा भरून येत नाही. म्हणून तो एकदाच, आणि नंबर थांबल्यावरच, खर्च करायचा असतो.

तुमच्याकडे कॉर्नियाचा स्कॅन होतो, हे खरं. पण तो कसा झाला, तेही मी पाहिलं. भाची लेन्स घालून आली होती. तुमच्या मदतनीसाने तिला तिथेच लेन्स काढायला लावल्या, डबीत ठेवायला लावल्या आणि लगोलग यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स असतील तर निदान आठवडा-दोन आठवडे आणि कडक असतील तर त्याहून बरेच जास्त दिवस त्या बंद ठेवून मगच मोजमाप घ्यायचं असतं. पण तेवढं थांबलं तर सवलतीची तारीख उलटून जाते, नाही का?

याहून मोठी चूक वेगळीच आहे. भाची डोळे चोळते का, हे कोणीही विचारलं नाही. ऍलर्जीमुळे डोळे सतत चोळणारी मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत आणि केराटोकोनस हा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार बहुतेकदा पौगंडावस्थेत आणि विशीत डोकं वर काढतो. अठराव्या वर्षी स्कॅन निर्दोष दिसेल आणि बाविसाव्या वर्षी आजार उघड होईल, हे घडू शकतं. अशा कमजोर होऊ घातलेल्या कॉर्नियावर लेझर चालवलं तर तो आणखी ढासळतो. लॅसिकनंतर कॉर्निया असा फुगून येण्याच्या घटना 1998 पासून वैद्यकीय साहित्यात नोंदवल्या जात आहेत. मग कॉर्निया घट्ट करणारं क्रॉस-लिंकिंग करा, विशेष कडक लेन्स वापरा, नाहीच भागलं तर नेत्ररोपण करा, अशी वाट सुरू होते. घरात कोणाला केराटोकोनस आहे का, एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? तुम्ही आम्हाला मासिक हप्त्याबद्दल पाच प्रश्न विचारलेत.

भाचीच्या मागच्या खुर्चीत एक तरुण होता. ‘भरती आहे, त्याआधी नंबर काढायचाय,’ असं तो सांगत होता. तुम्ही त्याला पुढची तारीख दिलीत. कोणती भरती, हे विचारलंत का? हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांत लॅसिक चालतं, पण ते वयाच्या 20 वर्षांआधी झालेलं नसावं आणि शस्त्रक्रियेला निदान 12 महिने उलटलेले असावेत. खडकवासल्याच्या एनडीएत जाणारी मुलं तर विशीच्या आतलीच असतात. रेल्वेत सहायक लोको पायलटच्या भरतीत लॅसिक झालेला उमेदवार थेट अपात्र ठरतो. गावाकडून येऊन अभ्यासिकेत वर्षं काढणाऱ्या मुलाची नोकरी तुमच्या एका घाईच्या सल्ल्याने हातची जाऊ शकते. ‘जिथे अर्ज करणार आहेस तिथली जाहिरात आधी आण, मग बोलू,’ एवढं वाक्य तुमच्या पाठ केलेल्या मजकुरात घालून घ्या.

मग तुम्ही माझ्या बहिणीकडे वळलात. ती चव्वेचाळीस वर्षांची. ‘मॅडम, मुलीबरोबर तुमचंही करून टाका, कपल पॅकेजमध्ये बसवतो, आयुष्यभर चष्मा नाही.’ आयुष्यभर! चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो. कॉर्निया कितीही घासला तरी ते भिंग पुन्हा लवचिक होत नाही. उलट, उणे नंबर असलेली बाई चष्मा काढून डाळीतले खडे वेचते, सुईत दोरा ओवते. दूरचा नंबर पूर्ण उतरवला की ती सोय जाते आणि वाचनाचा चष्मा नाकावर येतो. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवण्याची मोनोव्हिजन पद्धत आहे, पण ती सगळ्यांना मानवत नाही. आधी लेन्स लावून ती सोसते का, ते पाहावं लागतं. साठीकडे मोतीबिंदू येतो तो वेगळाच. तेव्हा बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना लेझर झालेला डोळा डॉक्टरांना चकवतो, म्हणून लेझरआधीची मोजमापं जपून ठेवायची असतात. तुम्ही ती मोजमापं रुग्णाच्या हाती देता का?

लग्नाचं बोलणं तर तुम्हीच काढलंत. ‘आता करून घ्या म्हणजे स्थळं बघायला सुरुवात झाली की फोटोत चष्मा नको.’ अठरा वर्षांच्या मुलीसमोर, तिच्या आईसमोर, इतक्या सहजपणे. चष्मा हा मुलीतला दोष आहे, असं सांगून तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवणं ही वैद्यकीय सेवा नव्हे. तिला पुढे मूल झालं तर गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर बदलू शकतो, त्या काळात ही शस्त्रक्रिया टाळतात. त्याचं नियोजन तुमच्या पत्रकात कुठेच नव्हतं.

तुमच्या लेझरबद्दल मला आदर आहे. 1981 मध्ये रंगस्वामी श्रीनिवासन या मद्रासमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेझर रोखलं आणि आजूबाजूचा भाग न जाळता हवा तेवढाच थर उडवता येतो, हे दाखवलं. 193 नॅनोमीटरच्या त्या किरणांनी पुढे लाखो लोकांचे चष्मे उतरवले. तो किरण सांगितलं तेवढंच उडवतो, तेवढा तो इमानदार आहे. केव्हा चालवायचा आणि कोणाच्या डोळ्यावर चालवायचा नाही, हे मात्र माणसाने ठरवायचं असतं. तिथे तुम्ही बसला आहात, म्हणून हे पत्र.

योग्य वयात, योग्य डोळ्यावर ही शस्त्रक्रिया उत्तम असते. विशीच्या मध्यापासून पस्तिशीपर्यंत नंबर थांबलेला असेल, कॉर्निया जाड आणि निरोगी असेल, डोळे कोरडे पडत नसतील, बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासलेला असेल, तर करावी, आनंदाने करावी. मागच्या पडद्याची तपासणी महत्त्वाची, कारण चष्मा गेला तरी उणे नंबरचा लांबट झालेला डोळा लांबटच राहतो आणि पडदा फाटण्याचा धोकाही राहतो. आम्ही तुमच्याकडून उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन वर्षांचे कागद पाहिले, थेंब घातले, डोळे चोळू नकोस म्हणून भाचीला दटावलं आणि सांगितलं, ‘दर सहा महिन्यांनी ये. नंबर थांबला की मी स्वतः सांगेन.’ ‘आज नको’ म्हणणारा माणूस रुग्णाला हवा असतो, महोदय. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांतही रुग्णांना जाहिरातीतून ओढून आणणं गैर मानलं आहे. तुमचे फलक त्या नियमांशेजारी ठेवून एकदा वाचा.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. फलकावरून अठराचा आकडा काढा. सवलतीची शेवटची तारीख काढा, डोळ्याला सणवार नसतात. मागच्या दोन वर्षांचे नंबर पाहिल्याशिवाय पैशाचं बोलू नका. संमतिपत्र मराठीत द्या आणि ते घरी नेऊन वाचायला दोन दिवस द्या. चाळिशीपुढच्या माणसाला ‘आयुष्यभर’ हा शब्द वापरू नका. हे जमत नसेल तर त्या खुर्चीत नेत्रतज्ज्ञाला बसवा आणि तुम्ही दुसरं काही विका. तोवर मी ओळखीतल्या प्रत्येक आईबापाला सांगत राहणार आहे: तुमच्या दारात जाण्याआधी मुलाच्या नंबरचे जुने कागद काढा, आणि आकडा हलत असेल तर परत फिरा.

कळावे,
चष्मा लावणाऱ्या भाचीची मावशी