१७० मिलिमीटरचा संसार

टीव्हीखालच्या खणात मावेल असा लहानसा कॉम्प्युटर स्वतः जोडावा आणि घरातले सगळे सिनेमे, नाटकं, गाणी त्याच्यावरून लावावीत, ही हौस नाशकात साधारणपणे गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतल्यावर येणाऱ्या पहिल्या दिवाळीत उपटते. सुताराने टीव्ही युनिट तोवर ठोकून ठेवलेलं असतं आणि खणाचं माप घेताना त्याच्या डोळ्यांपुढे फक्त सेट-टॉप बॉक्स असतो. मग हौशी माणूस कागद घेऊन बेरीज मांडतो. मदरबोर्ड एवढा, पॉवर सप्लाय एवढा, डिस्क एवढी. बेरजेच्या शेवटी कॅबिनेटमध्ये निम्मी जागा शिल्लक राहते आणि माणूस खूश होतो. या बेरजेवर माझा काडीचा विश्वास नाही. लहान कॅबिनेटमध्ये भाग बसवणं हा जागेचा प्रश्नच नव्हे. आधी काय आणि नंतर काय, हा तो प्रश्न आहे. आणि त्याहून अवघड म्हणजे, उरलेली जागा रिकामी सोडून गप्प बसता येतं का, हा. नेमक्या या दोन गोष्टी आपल्याला जमत नाहीत. त्र्यंबकच्या शेअर जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं बसवणारे आपण. ‘थोडं सरकून घ्या’ याच्यापलीकडे आपलं तंत्रज्ञान गेलेलं नाही. माणसं कुरकुरत का होईना, सरकतात. कपॅसिटर सरकत नाही.

आकड्यांपासूनच सुरुवात करू. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स नावाचा मदरबोर्ड आणला. चौकोनी, प्रत्येक बाजू १७० मिलिमीटर. त्याआधीचा इंटेलचा १९९५ सालचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४. म्हणजे क्षेत्रफळाचे पाच भाग केले तर धाकट्याच्या वाट्याला जेमतेम दोन आले. पण त्याच्यावर जे बसायचं ते काही लहान झालं नाही. प्रोसेसरचं सॉकेट तेवढंच, रॅमची पट्टी तेवढीच लांब (खाचा मात्र दोनच), आणि वीज आणणारा २४ पिनांचा तो जाडजूड प्लगही तोच. पॉवर सप्लायचं पाहा. एसएफएक्स जातीचा सप्लाय १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचा असतो, नेहमीच्या एटीएक्स सप्लायच्या निम्म्याहूनही कमी. मात्र त्याच्यातून निघणाऱ्या वायरी निम्म्या जाडीच्या नसतात, कारण डबा लहान म्हणून करंट कमी होत नाही. या वायरी कोणाच्याच बेरजेत नव्हत्या. माहितीपत्रकात प्रत्येक भागाची लांबी-रुंदी-उंची छापलेली असते. चोवीस वायरींचा जुडगा वळायला किती जागा मागतो, हे कुठेच छापत नाहीत. पुढच्या यूएसबीची निळ्या प्लगची केबल तर त्याहून हट्टी. ती वळत नाही, ती तुम्हाला वळवते. जोर लावलात तर बोर्डावरच्या तिच्या १९ पिनांपैकी एखादी आडवी होते आणि मग भुवया कोरायच्या चिमट्याने ती उभी करत बसावं लागतं.

आता क्रम. प्रोसेसरला वीज देणारा ८ पिनांचा प्लग बहुधा बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये तो शेवटी लावला तरी चालतो, कारण तिथे हात कोपरापर्यंत जातो. लहान कॅबिनेटमध्ये कूलर आणि पॉवर सप्लाय आधी बसवले, की त्या कोपऱ्याशी जायला फक्त दोन बोटांची फट उरते, आणि प्लगचा खटका दाबायला लागतात तीन. बऱ्याच बोर्डांवर एक एम.टू डिस्क पाठीमागच्या बाजूला लागते. ती राहिली, तर सगळं उपटून पुन्हा श्रीगणेशा. म्हणून प्रोसेसर, रॅम, मागची डिस्क, कूलर हे सगळं टेबलावरच, बोर्ड मोकळा असताना लावायचं. ८ पिनांची वायर आधी कोपऱ्यात आणून ठेवायची. मग बोर्ड आत उतरवायचा. पॉवर सप्लाय सर्वांत शेवटी. हा क्रम पाळूनही, चौथा स्क्रू आवळून झाल्यावर पोर्टांभोवतीची ती धारदार पत्र्याची पट्टी टेबलावरच राहिलेली दिसते. अलीकडे काही कंपन्या ती बोर्डालाच जोडून देतात. मानवजातीवर इतके थेट उपकार फार कमी इंजिनिअरांनी केले असतील.

रिकाम्या जागेचा मुद्दा मात्र आमच्या जिल्ह्याला तरी पटायला हवा. निफाड-दिंडोरीची द्राक्षं परदेशी निघतात तेव्हा खोक्याला भोकं असतात, कारण प्रीकूलिंगची गार हवा घडाघडांतून फिरायला हवी. त्या भोकांच्या जागी आणखी चार मणी मावले असते, असं म्हणणारा बागायतदार अजून जन्माला यायचा आहे. कॉम्प्युटरचा हिशेबही तोच, फक्त उलट्या दिशेने. आत गेलेली सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर यायला बघते. प्रोसेसर ३५ वॅटचा घेतला तरी नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, आणि कुठलाही पंखा खोलीतल्या हवेपेक्षा गार काही देऊ शकत नाही. भांडी बाजारात तांब्याचं मोल कोणाला समजावावं लागत नाही. इथेही तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. पण नळीने उष्णता कूलरच्या पात्यांपर्यंत आणली तरी तिला पुढे जायला वाट नको का? ३७ मिलिमीटर उंचीचा बुटका कूलर मिळतो म्हणून उरलेल्या जागेत दोन जुन्या डिस्क कोंबल्या, तर पंखा जीव खाऊन फिरू लागतो आणि नाटकातला नट जिथे नेमका थांबतो, तिथे घरघर ऐकू येते. त्यातून झाकणावर जाळी असते. घरातलं कोणीतरी तिच्यावर विणलेला रुमाल अंथरून पितळी गणपती ठेवतं. विघ्नहर्त्याचं हे आसन बदलण्याइतका वाईटपणा घेण्याची ज्याची तयारी नाही, त्याने या फंदात पडू नये.

यावर पहिला आक्षेप: मग ग्राफिक्स कार्ड कुठे बसवायचं? बसवायचंच नाही. फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र मुंबईत केला, पण त्यानंतर ते नाशकात आले, आणि १९१७ च्या लंकादहनमध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. एकाने दोघांचं काम करण्याला इथे शंभर वर्षांचा आधार आहे. सिनेमा दाखवण्यापुरतं काम प्रोसेसरच्या पोटातला ग्राफिक्स विभाग चोख करतो. इंटेलच्या २०१६-१७ मध्ये आलेल्या सातव्या पिढीपासून १०-बिट एचईव्हीसी पद्धतीने साठवलेले चित्रपट तो परस्पर उलगडतो, मुख्य प्रोसेसरला फारशी तोशीस पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: टीव्हीच्या मागे खोचायची काडी काही हजारांत मिळते, तयार मिनी पीसीही मिळतो, मग ही उठाठेव कशाला? ज्याला फक्त चालू मालिका आणि नवे सिनेमे बघायचेत, त्याने काडीच घ्यावी. उगाच वाद नको. पण काडीवरचा सिनेमा भाड्याचा, करार संपला की तो गायब. राजा हरिश्चंद्रची चार रिळं होती, आज दोनच शिल्लक आहेत, आणि तीही १९१७ च्या पुनर्चित्रणातली असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. घरातल्या नाटकांच्या सीडी आणि मुंजीच्या कॅसेटी त्याच वाटेने जाऊ द्यायच्या नसतील, तर डिस्क आपली हवी. तयार मिनी पीसीबद्दल एवढंच, की इंटेलने आपल्या एनयूसी नावाच्या मिनी पीसीचा धंदा २०२३ साली आवरला आणि तो असूसकडे गेला. मिनी-आयटीएक्सची भोकं मात्र २००१ पासून जिथल्या तिथे आहेत. तेव्हाच्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड त्याच चार स्क्रूंवर बसतो. पाच वर्षांनी बोर्ड बदलला तरी सुताराला पुन्हा बोलवावं लागत नाही, आणि नाशकात सुतार ठरल्या दिवशी येणं किती दुर्मीळ आहे, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा हौस असेलच तर सगळ्यांत आधी खण मोजा, मग कॅबिनेट घ्या, आणि बाकीचे भाग त्यानंतर. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरच्या कमाल उंचीची एक ओळ असते. तिथे ५५ मिलिमीटर लिहिलं असेल, तर ५८ चा कूलर दुकानदाराने निम्म्या किमतीत दिला तरी घेऊ नका.